सराफ्यातली चटणी: कुठली खावी, कुठली सोडावी?

राजेंद्रनगरकर | शुक्र, रात्री 9:12

मंडळी, नमस्कार.

दिवाळीनंतर नाशिकची पाहुणेमंडळी इंदूरला येताहेत. दोन लहान मुलं, सत्तरी ओलांडलेल्या एक आत्या आणि बाकी आमच्यासारखे चरणारे. इंदूरला येऊन सराफा (दिवसा सोन्या-चांदीचा, रात्री खाण्याचा बाजार) नाही दाखवला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

मागच्या खेपेला असेच पाहुणे आले होते. एकाच गाडीवर सगळ्यांनी तीच कचोरी खाल्ली, पण आडवे झाले ते फक्त हिरवी चटणी दुसऱ्यांदा मागून घेणारे. तेव्हापासून माझा संशय पदार्थावर नाही, वरून ओततात त्याच्यावर आहे. कढईतून उकळत्या तेलातून निघालेल्या कचोरीत काय जिवंत राहणार? पण चटणी, दही, पताशांचं (पाणीपुरीचं) पाणी, लाल सॉसची ती बाटली?

प्रश्न सरळ आहे. गाडीसमोर उभं राहून, हातात द्रोण असताना, कुठली चटणी घ्यायची आणि कुठली नको हे कसं ठरवायचं? "बाहेरचं खाऊच नये" हा सल्ला आमच्या मातोश्री फुकट देतात, तो इथे नको.

गराडूवाला_भिया | शुक्र, रात्री 9:20

भिया, चटणी सोडायची तर सराफ्यात जायचं कशाला? सोनं घ्यायला?

पोटोबा_प्रसन्न | शुक्र, रात्री 9:31

+1 वरच्याला.

आणि राजेंद्रनगरकर, आपण 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत देशात पहिले आलो. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीला तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा दर्जा आहे. उगाच नाशिककरांसमोर शहराची बदनामी करू नका. :-)

मालवी_मावशी | शुक्र, रात्री 9:58

स्वच्छतेचा नंबर कचरा उचलण्याचा आहे हो, पोटोबा. रस्ता लख्ख असला म्हणून भगोण्यातलं (पातेल्यातलं) काही आपोआप लख्ख होत नाही.

माझा अनुभव: चिंच-गुळाच्या गोड चटणीने आमच्याकडे कधी कुणाला काही झालेलं नाही. ती उकळलेली असते, आंबट असते, गुळामुळे टिकते. हिरवीचं मात्र मी आधी वास घेऊन बघते. आंबूस वास आला की नको. आजवर नाकाने फसवलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी | शुक्र, रात्री 10:47

मावशी, चिंचेबद्दल तुम्ही बरोबर आहात. नाकाबद्दल असहमत.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. चटणी नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू वेगळे असतात. वास येतो तो बहुतेक वेळा पहिल्यांमुळे. साल्मोनेला किंवा शिगेला असलेली चटणी दिसायला हिरवीगार आणि वासाला ताजी असू शकते. शिगेलाचे तर 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी पुरतात. एवढ्यांचा वास कुठल्या नाकाला येणार?

चटणीत दोन गोष्टी बघायच्या: आंबटपणा आणि वेळ.

आंबटपणा आम्ही पीएचमध्ये मोजतो, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच 4 च्या खाली बहुतेक रोगजंतू वाढत नाहीत. चिंचेची चटणी 3 च्या आसपास असते, म्हणून ती भक्कम. कोथिंबीर-पुदिन्याची चटणी लिंबू किंवा कैरी सढळ असेल तर खाली येते, नाहीतर 5 ते 6 मध्ये रेंगाळते. खोबऱ्याची चटणी जवळजवळ उदासीन (आंबटपणा नसल्यासारखा) आणि ओली, शिवाय त्यात साखर, प्रथिनं सगळं. जंतूंना आणखी काय हवं?

आता वेळ. अनुकूल उष्णतेत ई. कोलाय हा आतड्यातला जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एका जंतूपासून आठ तासांत हिशोब दीड कोटीच्या वर जातो. प्रत्यक्ष चटणीत मीठ, लसूण, आंबटपणा यांमुळे वेग कमी पडतो, पण दिशा तीच. 5 ते 60 अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा. मे महिन्यातला इंदूरचा रस्ता या पट्ट्याच्या ऐन मध्यावर येतो.

आणि हो, आंबट म्हणजे निर्जंतुक असं नाही. काही जंतू आंबटात वाढत नाहीत पण तग धरतात. 1996 मध्ये अमेरिकेत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ157 ची साथ पसरली होती. तो रस काही गोडमिट्ट नव्हता, चांगला आंबट असतो.

खमंग_काकडी | शुक्र, रात्री 10:55

वाचता वाचता समोरच्या वाटीतली डोशाची चटणी बाजूला सारली. धन्यवाद सर, जेवण झालं माझं.

पोटोबा_प्रसन्न | शुक्र, रात्री 11:03

सर, मी तीस वर्षं हेच खातोय. पोटाला सवय होते की नाही? बाहेरचे येतात तेच पडतात, आपण ठणठणीत. हे कसं?

ओपीडीतून_सुटका | शुक्र, रात्री 11:40

ड्यूटी संपवून आलो, म्हणून उशीर.

पोटोबा, थोडी सवय होते हे खरं आहे. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांमागे बऱ्याचदा ईटीईसी नावाचा ई. कोलाय असतो. त्या भागात वाढलेल्यांना त्याच्याशी लहानपणापासून वारंवार गाठ पडून काही प्रमाणात प्रतिकार येतो. म्हणून नाशिकची आत्या पडेल आणि तुम्ही ढेकर द्याल, हे शक्य आहे. पण टायफॉईडला असली सवय लागत नाही. आणि स्टॅफिलोकोकसच्या विषापुढे तुमची तीस वर्षं शून्य.

त्या विषाबद्दल सांगतो, कारण चटणी-दह्यात ते महत्त्वाचं आहे. हा जंतू माणसाच्या नाकात, कातडीवर, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत राहतो. हाताने चटणीत उतरतो, तिथे वाढतो आणि विष सोडतो. पुढे चटणी उकळलीत तर जंतू मरतो, विष मरत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

दुसरं, "काल रात्रीचं बाधलं" हा निष्कर्ष फार घाईचा असतो. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात. टायफॉईडला एक ते तीन आठवडे. ताप आलेला रोगी कालच्या समोश्याला शिव्या देतो आणि खरा गुन्हेगार दोन आठवड्यांपूर्वीच्या लग्नातला असतो. राजेंद्रनगरकर, तुमच्या पाहुण्यांना किती तासांत झालं?

राजेंद्रनगरकर | शनि, सकाळी 7:15

डॉक्टरसाहेब, रात्री साडेबाराला खाल्लं, पहाटे चारला रांग लागली. आधी उलट्या, मग बाकीचं. दुपारपर्यंत सगळे सावरलेही.

ओपीडीतून_सुटका | शनि, सकाळी 7:50

मग स्टॅफची शक्यता जास्त वाटते, बॅसिलस सेरियसही असू शकेल. न तपासता पैज लावणार नाही. इतकं खरं की ती चटणी दुसऱ्यांदा मागून घेण्याच्या बरीच आधी बिघडलेली होती.

बडोद्याचे_तात्या | शनि, सकाळी 8:30

इंदूरकरांनो, तुमचं दुःख समजतं. आमच्या बडोद्यात सेवउसळ मिळते. रस्सा सकाळपासून खदखदत असतो, तरी वेगळी, तीही गरम. उकळत्या भांड्याजवळ जंतूची काय बिशाद? म्हणून आम्ही निरोगी.

गराडूवाला_भिया | शनि, सकाळी 8:41

तात्या, आणि वरून पडणारा कच्चा कांदा? बाजूच्या वाडग्यातली लसणाची ओली चटणी? ती पण खदखदते का?

बडोद्याचे_तात्या | शनि, सकाळी 8:44

कांद्याचा विषय निघायला नको होता.

शिस्तप्रिय_कुलकर्णी | शनि, सकाळी 10:05

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे रस्त्यावरचे लोक हात धुत नाहीत, पाणी कुठून आणतात देवाला माहीत. चांगल्या हॉटेलात बसून खा. चार पैसे जास्त जातील, पण स्वच्छता मिळेल. मुलांना रस्त्यावर उभं करून खाऊ घालण्यात कसली संस्कृती?

सूक्ष्मदर्शी | शनि, सकाळी 10:40

कुलकर्णीसाहेब, तुमच्यासाठी एक जुना दाखला. 2002 साली मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथल्या मेक्सिकन रेस्टॉरंटांमध्ये टेबलावर ठेवलेले सॉस तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाड्या नव्हेत, लोकप्रिय रेस्टॉरंटं. ग्वादालाहाराच्या सुमारे दोन-तृतीयांश सॉसमध्ये ई. कोलाय सापडला. ह्यूस्टनच्या वातानुकूलित टेबलांवरच्याही 40 टक्के सॉसमध्ये होता. तिथल्या सॉसमध्ये जुलाब करणाऱ्या जाती मिळाल्या नाहीत, एवढा दिलासा.

टेबलावर कापडी नॅपकिन असला तरी वाटीतली चटणी सकाळची असू शकते. गाडीवर निदान भांडं डोळ्यांसमोर असतं. हॉटेलात ते भिंतीपलीकडे असतं, म्हणून स्वच्छ वाटतं.

मालवी_मावशी | शनि, सकाळी 10:52

सर, टाळ्या.

कुलकर्णी, सराफ्यात उभं राहून खाण्यात कसली संस्कृती हे विचारलंत म्हणजे तुम्ही इंदूरचे नाहीत.

शिस्तप्रिय_कुलकर्णी | शनि, सकाळी 11:10

जन्म इंदूरच्याच एम. वाय. हॉस्पिटलमधला आहे, मावशी. मुद्द्यावर बोला.

गुमटीवाल्याचा_पोरगा | शनि, दुपारी 2:20

आजवर इथे फक्त वाचत होतो, आज लिहिण्यावाचून राहवत नाही. आमच्या घरी दोन पिढ्या कचोरी-समोश्याचा ठेला होता. वडिलांच्या गुडघ्यांमुळे बंद केला, मी आता नोकरी करतो. कुठे होता ते विचारू नका.

हिरवी चटणी कशी होते ते आतून सांगतो.

कोथिंबीर पहाटे चोइथराम मंडीतून यायची, मातीसकट. आई दोन पाण्यांतून काढायची, तिसऱ्याला वेळ नसायचा. देठं टाकायची नाहीत, चव देठात असते. त्यात मिरची, आलं, मीठ, जिरं आणि दाटपणासाठी शेव किंवा डाळवं. आता गंमत बघा. लिंबू सुरुवातीला घातलं तर तासा-दोन तासांत चटणी शेवाळी पडते. गिऱ्हाईकाला हिरवीगार पाहिजे. काळपट दिसली की "कलची है क्या?" विचारतो आणि पुढच्या ठेल्यावर जातो. म्हणून लिंबू अगदी कमी, आणि वाटताना मिक्सरमध्ये बर्फ. बर्फाने रंग टिकतो. म्हणजे सर म्हणतात तो आंबटपणा आम्ही रंगासाठी काढून घेत होतो आणि जागी बाजारातला बर्फ घालत होतो.

दुसरी गोष्ट भगोण्याची. दुपारी चारला घरून चटणी निघायची. रात्री दहाला तळाशी चार बोटं उरली की डब्यातली राखीव त्यातच ओतायची. भगोणं रिकामं करून, धुऊन, मग भरायचं? ठेल्यावर पाण्याची एक बादली असते, तिच्यात प्लेटा धुवायच्या की भगोणं? म्हणजे नवी चटणी नेहमी जुन्याच्या डोक्यावर. पळीचा दांडाही अर्धा आत बुडालेला, त्याला कचोरीच्या मैद्याचे हात लागलेले.

तिसरी, मावशींची लाडकी गोड चटणी. घरून निघते तेव्हा खरंच उकळलेली असते. पण रात्री हवेने घट्ट होते, पळीतून पडेना होते. मग त्याच बादलीशेजारच्या कळशीतलं पाणी घालून सैल करायची.

वडील बेईमान नव्हते. घरातली मुलं तेच खायची. मार्जिन इतकं बारीक की दोन किलो चटणी फेकली तर त्या दिवशीची मजुरी गेली. फेकायची कुणी?

खमंग_काकडी | शनि, दुपारी 2:31

हा प्रतिसाद सोन्याने मढवावा असा आहे. सराफ्यातच.

सूक्ष्मदर्शी | शनि, दुपारी 3:15

पोरगा, फार उपयोगी लिहिलंस. लिंबाने रंग जाण्याचं कारणही सांगतो. आम्लात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि पान ऑलिव्हसारखं दिसू लागतं. म्हणजे किंचित काळपट, दाताला आंबट लागणारी चटणी ही पोपटी चटणीपेक्षा जास्त भरवशाची. गिऱ्हाईक नेमकं उलटं निवडतं.

जुन्यात नवी ओतणं मात्र सगळ्यात वाईट. जुन्या चटणीतले जंतू आधीच पूर्ण वेगात वाढत असतात, त्यांना ताजा खुराक मिळतो. विरजणाचं तंत्र हेच, फक्त इथे विरजण कसलं ते ठाऊक नसतं.

कोथिंबिरीच्या धुण्याबद्दल: शेताला सांडपाणी दिलं असेल तर जंतू पानांना, देठांच्या कापांना चिकटून बसतात. साध्या पाण्याने कमी होतात, जात नाहीत. मातीच गेली नसेल तर पुढचं काही बोलायलाच नको.

पुण्याची_पाहुणी | शनि, दुपारी 4:02

बर्फावरून आठवलं. महाराष्ट्रात 2018 मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं, म्हणजे मासे-भाज्या थंड ठेवायची लादी सरबतात जाऊ नये. इंदूरला निळा बर्फ दिसतो का?

गराडूवाला_भिया | शनि, दुपारी 4:10

निळा बर्फ दिसला तर आमच्याकडे त्याचा ब्लूबेरी गोळा करून विकतील.

अवांतरकर | शनि, दुपारी 4:48

अवांतर: लाल सॉसच्या बाटलीबद्दल कुणीच बोललं नाही. नियमाने टोमॅटो सॉसमध्ये मीठ वगळून विद्राव्य घन पदार्थ किमान 25 टक्के आणि अॅसेटिक आम्लाच्या हिशोबाने आंबटपणा किमान 1 टक्का हवा. गाडीवरच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये टोमॅटो असतो की लाल भोपळा, स्टार्च आणि रंग, हा संशोधनाचा विषय.

सूक्ष्मदर्शी | शनि, सायं. 5:20

अवांतरकर, ऐकून हसाल. जंतूंच्या बाजूने बघितलं तर तो भोपळ्याचा सॉस हिरव्या चटणीपेक्षा बरा. स्वस्तातलं अॅसेटिक आम्ल सढळ असतं, आणि तेवढ्याच पीएचला ते लिंबाच्या आम्लापेक्षा जंतूंना जास्त मारक ठरतं. त्याच्या रंगाची भीती वेगळी, ती पोटदुखीची नाही. बाटलीचं तोंड मात्र बघा. तिथे वाळून काळपट झालेली कड असते, तिच्याखाली बुरशी. बाटली न धुता भरत राहतात, इथेही तोच भगोण्याचा नियम.

नवीन_सदस्य_क्र_काहीतरी | शनि, सायं. 6:05

मोमोजच्या मेयोनीजबद्दल काय मत? आमची कॉलेजची पोरं चटणी नाही, तेच खातात.

ओपीडीतून_सुटका | शनि, सायं. 6:40

कच्च्या अंड्याचं असेल तर दुरून नमस्कार. केरळने जानेवारी 2023 मध्ये त्यावर बंदी घातली. हैदराबादला मोमोज खाऊन बरेच जण आजारी पडले आणि एक बाई दगावली, त्यानंतर ऑक्टोबर 2024 मध्ये तेलंगणाने वर्षभरासाठी बंदी घातली. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. अंड्यातला साल्मोनेला कच्च्यात मरत नाही आणि तेलात सगळं लपून जातं. इंदुरात बरंचसं बिनअंड्याचं पाकिटातलं मिळतं, त्याला आंबटपणा मोजून घातलेला असतो. पण फोडलेलं पाकीट गाडीवर दिवसभर उन्हात ठेवलं की मोजूनमापून केलेलं सगळं पाण्यात.

पोटोबा_प्रसन्न | शनि, रात्री 8:15

एक शंका. मग चटणी टाळून नुसतं जिरावण भुरभुरवलं तर? कोरडं, मसाल्याचं. आपलं अस्सल माळवी औषध.

सूक्ष्मदर्शी | शनि, रात्री 8:50

बऱ्यापैकी चांगली युक्ती. कोरड्यात जंतू वाढत नाहीत. पण मरतातच असं नाही. साल्मोनेला मिऱ्यासारख्या कोरड्या मसाल्यात महिनोन् महिने झोपून राहतो आणि ओलावा मिळाला की उठतो. गरम गराडूवर (तळलेल्या कंदावर) जिरावण आणि आयत्या वेळी लिंबू याहून निर्धोक असं सराफ्यात दुसरं मला दिसत नाही. तळून गरम, वर कोरडं, वर आंबट, लगेच पोटात.

गराडूवाला_भिया | शनि, रात्री 8:53

माझं सदस्यनाम आज सार्थकी लागलं.

मालवी_मावशी | रवि, सकाळी 9:20

सगळे गाड्यांच्या मागे लागलात, आता घरचंही बघा. दोन महिन्यांपूर्वी एका लग्नात इडलीची खोबऱ्याची चटणी सकाळी सहाला वाटली आणि साडेअकराला मुहूर्तानंतर वाढली. मंडप टिनाचा. केटररच्या पोराने चटणीत वरून पाणी घालताना मी स्वतः बघितलं. पन्नासेक तरी माणसं रात्री हैराण. गाडीवाला असता तर वर्तमानपत्रात आलं असतं.

आणि पोरगा, तुझ्या गोड चटणीच्या कळशीने माझी झोप उडवली.

गुमटीवाल्याचा_पोरगा | रवि, सकाळी 9:48

माफ करा मावशी. सगळे तसं करत नाहीत. काही जण घट्टच ठेवतात आणि जास्त वाढतात. घट्ट, चमकणारी, पळीवरून सावकाश उतरणारी गोड चटणी दिसली तर निर्धास्त घ्या. पाण्यासारखी वाहणारी असेल तर सोडा.

शिस्तप्रिय_कुलकर्णी | रवि, सकाळी 10:30

माझा एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं तपासायला सरकार कुठे आहे? 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे, 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. नमुने तपासायला फिरत्या प्रयोगशाळेच्या गाड्याही असतात.

गुमटीवाल्याचा_पोरगा | रवि, सकाळी 10:55

साहेब, तपासणीला येतात तेव्हा तेल, रंग, दूध, पनीर यांतली भेसळ बघतात. ती लगेच दिसते. चटणीतल्या जंतूंसाठी नमुना थंडगार पेटीतून नेऊन दिवस-दोन दिवस वाढवून बघावा लागतो, तोवर भगोणं रिकामं. वडिलांना दंडापेक्षा एक नळ दिला असता तर जास्त उपयोग झाला असता. ठेल्याशेजारी वाहतं पाणी असेल तर भगोणं धुतलं जातं. छप्पनवर जे चांगलं दिसतं त्यात पाण्याच्या सोयीचा मोठा वाटा आहे.

शिस्तप्रिय_कुलकर्णी | रवि, सकाळी 11:02

हे मान्य.

खमंग_काकडी | रवि, सकाळी 11:04

कुलकर्णींनी 'मान्य' लिहिलं! संपादक मंडळ, धागा वाचनमात्र करा, याहून वर जाणार नाही हा.

अवांतरकर | रवि, सकाळी 11:30

आणि यूपीआयला श्रेय द्या की. आधी जो हात सुट्टे द्यायचा तोच चटणीत जायचा. आता क्यूआर कोडची पाटी बोलते, हात निदान नोटांपासून वाचला.

राजेंद्रनगरकर | रवि, दुपारी 1:10

धागा भरकटला पण कामाचा झाला. दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. आत्यांना दहीवडा खायचाच आहे, तिथे काय बघू? आणि मुलं पताशांच्या पाण्यासाठी हट्ट करणार हे नक्की.

ओपीडीतून_सुटका | रवि, दुपारी 1:55

दही मुळात आंबट, पीएच साधारण साडेचार, त्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित. अडचण दूध-साखर घालून सपक केलेल्या दह्याची. बर्फात रोवलेल्या भांड्यातलं, हाताला गार लागणारं असेल तर आत्यांना एक वडा द्या. कोमट असेल तर नका देऊ, वयाला जुलाब झेपत नाहीत.

पताशांचं पाणी मुलांना टाळाच. कच्चं पाणी, पुदिना आणि त्यात बुडणारा हात, तिन्ही एका जागी. चिंचेचं दाट पाणी वेगळ्या माठात, पळीने वाढणारा मिळाला तर बघा.

तरी काही झालंच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं पाजत राहा. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या देऊ नका, डॉक्टरकडे न्या.

गुमटीवाल्याचा_पोरगा | रवि, दुपारी 2:30

हिरव्या चटणीबद्दल माझ्याकडून: रात्री साडेआठ-नऊला पोहोचा. सराफांची दुकानं मिटत असतात, ठेले नुकते लागलेले असतात, भगोणी घरून आणल्यासारखी काठोकाठ असतात. बारानंतर तेच भगोणं तीनदा भरलेलं असतं. भगोण्याच्या आतल्या काठाकडे बघा. वाळलेल्या हिरव्या कडा एकाखाली एक दिसल्या तर ती चटणी कितीदा वर-खाली झाली ते कळतं. एकच ओली कड असेल तर घ्या.

राजेंद्रनगरकर | रवि, दुपारी 2:41

हे पाहिजे होतं. नऊला पोहोचतो. गाडी कुठे लावू?

गराडूवाला_भिया | रवि, दुपारी 2:44

नऊला सराफ्याजवळ पार्किंग? भिया, त्यापेक्षा जंतूमुक्त चटणी लवकर मिळेल. रिक्षाने या.